अनोळखी क्रमांक सात

पाच महिने ती ज्याच्या आवाजावर जीव टाकत होती, तो त्या सकाळी चिखलाच्या बुटांनी जिना चढून वर आला.

आधी तिला वाटलं, हेडफोनमधूनच ऐकू येतंय. तीन लांब सूर, एक छोटीशी गिरकी, आणि शेवटचा सूर... अर्ध्यावर तुटलेला. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तरी शीळ चालूच! दहावी पायरी, अकरावी पायरी — आणि दारात एक उंच, उन्हाने रापलेला तरुण उभा. खांद्यावर दोरांची वेटोळी, हातात पिशवी, केसांत वाळकं पान.

“जंगलातल्या रेकॉर्डरची कार्डं आणलीत,” तो म्हणाला. “कुठे ठेवू?”

तिने टेबलावरच्या हेडफोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“मॅडम... ठेवू, की परत घेऊन जाऊ?”

“तुम्ही आत्ता जे वाजवलंत ना,” ती म्हणाली, “ते परत वाजवा.”

“का? काही चुकलं का माझं?”

“वाजवा हो!”

त्याने वाजवलं. अगदी तेच, तुटक्या शेवटासकट.

सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या तीन खोल्यांत सहा जणांची एक स्टार्टअप कंपनी होती. डोंगरावरच्या जंगलात त्यांनी दोनशे चाळीस झाडांवर छोटे रेकॉर्डर बांधले होते आणि ते रात्रंदिवस जंगल ऐकत. कुठे करवत सुरू झाली की मशीन वनरक्षकाच्या फोनवर इशारा पाठवायचं. एरवी पक्षी किती, बेडूक किती, कोण वाढलं, कोण गायब झालं, याची मोजदाद करायचं. पण मशीन कितीही हुशार असलं तरी पहिला धडा त्याला माणसानेच द्यावा लागतो. हे घुबड, हा बेडूक, हा नुसता वारा, असं एकेका आवाजाला नाव देण्याचं काम तिचं होतं. ऑफिसात सगळे तिला ‘कानसेन’च म्हणत.

पाच महिन्यांपूर्वी या कानसेनला कुठल्याच यादीत नसलेला एक आवाज सापडला. तिने त्याची नोंद केली, ‘अनोळखी क्रमांक सात’. मशीनला तो शिकवला, आणि मशीनने तो पश्चिम उतारावरच्या बत्तीसच्या बत्तीस झाडांवर शोधून दिला. ऑफिसात पेढ्यांऐवजी केक कापला गेला होता! आठ दिवसांनी जमीन समितीपुढे त्यांचा अहवाल जाणार होता. जंगलाचा पश्चिम उतार तोडायचा की राखायचा, ते त्यावर ठरणार होतं. आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर अनोळखी क्रमांक सात ऐटीत बसला होता.

आजवर पूर्ण रेकॉर्डिंगची कार्डं टपालाने यायची, त्यामुळे त्या उतारावरच्या झाडांवर चढणारा आणि ऐकणारी कधी समोरासमोर आले नव्हते. आज तो दोर बदलून घ्यायला शहरात आला होता, म्हणून कार्डं हातोहात द्यायला वर आला.

“दर वेळी वाजवता हे? चढताना?”

“दर वेळी. बाबांची शिस्त. तेही झाडावर चढायचेच. म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर आधी दार वाजवावं. वर मधमाश्या असतात, पिल्लं असतात... दचकायला नकोत बिचारी.”

“आणि शेवटचा सूर? तो का तुटतो?”

तो चक्क लाजला. “तेव्हा कमरेचा पट्टा आवळतो ना. श्वासच संपतो.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. “तुम्ही दुर्मीळ पक्षी आहात. आमच्या अहवालात, पान एक.”

तो इतका मोठ्याने हसला की खालचा सायकलवाला रस्त्यावर येऊन वर बघायला लागला. मग त्याचं लक्ष तिच्या भरल्या डोळ्यांकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

“म्हणजे... माझ्यापायी उतार जाणार?”

“तुमच्यापायी नाही. चुकीचा धडा मी दिला.”

“पण हे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे,” तो हळूच म्हणाला. “मी कुणाला सांगणार नाही.”

मोह झाला तिला, नाही असं नाही. त्या उताराचा एकेक तास तिने ऐकला होता. तिथली पहाट तिला स्वतःच्या गल्लीपेक्षा जास्त ओळखीची होती.

“आज हे लपवलं,” ती म्हणाली, “तर उद्या मशीन करवत वाजली म्हणून ओरडेल, तेव्हा कोण विश्वास ठेवेल?”

कंपनी जिने उभी केली होती तिला सगळे ताई म्हणत. ताईंनी सगळं ऐकलं, खुर्चीत बसल्या आणि “पान एक” एवढंच दोनदा म्हणाल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “एकूण एक आवाज तपासा. दोघं मिळून. पक्ष्यांच्या यादीत एकही माणूस राहता कामा नये.”

त्या संध्याकाळी आईने दार उघडताच विचारलं, “काय म्हणतोय तुझा सात नंबर?”

“आई, तो माणूस निघाला.”

आईने क्षणभरच विचार केला. “लग्न झालंय का त्याचं?”

“आई!”

“अगं, पाच महिने त्याचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. विचारायला नको?”

दुसऱ्या दिवसापासून दोघं एका टेबलाशी बसले. चारशे बारा शिट्ट्या होत्या. त्याच्याकडे एक वही होती, झाडाचा क्रमांक, तारीख, वेळ, हवा, सगळं टिपलेली. ती तारीख वाचायची, तो वहीत बोट फिरवून “मीच” म्हणायचा, आणि एक आवाज यादीतून जायचा. इअरफोनची दोघांत एकच जोडी, त्यामुळे खुर्च्या आपसूकच जवळ आल्या. त्याच्या बाहीला झाडाच्या डिंकाचा वास यायचा. कामात तिचं लक्ष होतं... बरंचसं.

“मंगळवारी तुमचा सूर जरा खाली असतो,” ती एकदा म्हणाली.

“मंगळवारी जेवण बहीण करते. पोट जड होतं.”

“आणि हा? हा किती छान लागलाय!”

“त्या दिवशी...” त्याने वही मिटली. “त्या दिवशी काही विशेष नव्हतं. पण आता कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर यापुढे चांगलेच लागतील.”

ती गोरीमोरी झाली आणि उगाचच आवाज वाढवला.

तिसऱ्या दिवशी ती वाचत होती, “झाड अठ्ठावन्न. सात तारीख, पहाट.”

त्याने पानं मागेपुढे केली. “सात तारखेला मी नव्हतो.”

“असाल. नीट बघा.”

“अहो, पाय प्लास्टरमध्ये होता माझा! तीन आठवडे घरात पडून होतो.”

तिने पुन्हा लावलं. तीन लांब सूर, गिरकी, तुटका शेवट. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या तीन आठवड्यांतल्या अशा एकोणीस शिट्ट्या निघाल्या.

“दुसरं कुणी चढतं तिथे?”

“कुणीच नाही,” तो म्हणाला. “उद्या पहाटे येता?”

झाड अठ्ठावन्न इतकं थोरलं होतं की त्याच्या बुंध्याला चौघांनी मिठी मारली तरी हात पोचले नसते. धुकं पानांवरून टपटपत होतं. हे जंगल तिने हजारो तास ऐकलं होतं, पण ते इतकं उंच, इतकं जुनं असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मान वर करून करून दुखायला लागली. आपण बोललो तर हे सगळं उधळून जाईल, अशी तिला भीती वाटत होती. तो शेजारी उभा होता, श्वास रोखून.

आणि वरून शीळ आली.

एक साधासा काळा पक्षी होता, कुठल्याही तारेवर दिसतो तसला. त्याने मान मागे टाकली, तीन सूर ओढले, गिरकी घेतली... आणि शेवट तोडला. त्याच्याकडे ना पट्टा, ना दोर, पण माणसाचा दम संपणंसुद्धा त्याने इमानाने शिकून घेतलं होतं. लगेच उताराच्या दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. मग दरीतून तिसऱ्याने. बघता बघता सगळा उतार तीच शीळ घालत होता. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही तिने आवरलं नाही.

“माझ्याकडून शिकले,” तो म्हणाला, “की बाबांकडून, कोण जाणे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.”

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

समितीपुढे तीच उभी राहिली. “आमच्याकडे नवा पक्षी नाही,” तिने सुरुवातच तशी केली. “मी माणसाच्या शिळेला पक्षी समजले. चूक माझी.” ताईंनी डोळे मिटून घेतले. मग तिने ती पहाट ऐकवली. एकापाठोपाठ एक, तीन बाजूंनी.

घड्याळाकडे बघत बसलेले अध्यक्ष पुढे सरसावले. “पक्षी साधाच ना पण?”

“साधाच. पण एका माणसाची शीळ आईकडून पिल्लाला, पिल्लाकडून त्याच्या पिल्लाला कशी पोचली, किती पिढ्या पोचली, ते आम्हाला अजून मोजता आलेलं नाही. झाडं गेली तर कधीच मोजता येणार नाही.”

अध्यक्षांनी ती पहाट पुन्हा लावायला सांगितली. शेवटपर्यंत ऐकली.

“मोजा मग,” ते म्हणाले. “वर्षभर त्या उतारावर करवत जाणार नाही. पुढचं तुमचे आकडे बघून ठरवू.”

एक वर्ष. कायमचं नव्हे, पण झाडं उभी होती.

मोजायचं तर रेकॉर्डर वाढवायला हवेत, आणि रेकॉर्डर बांधायला चढणारे हात. पुढच्याच आठवड्यात तिने पट्टा बांधला. वर जाताना तो एकेका फांदीवर थांबून तिची वाट बघत होता. साठ फुटांवर पानांचं छत संपलं आणि अचानक नुसतं आभाळ! खाली, समोर, क्षितिजापर्यंत जंगल पसरलं होतं, वाऱ्याने हळूहळू हलणारं.

“खाली बघू नका,” तो म्हणाला.

“खाली कुठे बघतेय?”

तो गडबडला. तिने त्याचा हात धरला, घट्ट.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “शिळेसकट, आणि शिळेशिवायही.”

“अहो... साठ फुटांवर सांगायचं का हे?” त्याने दुसऱ्या हाताने फांदी पकडली. “हात सुटला असता माझा. मी तर खाली उतरल्यावर हेच सांगणार होतो.”

“हात सुटू नये,” ती म्हणाली, “म्हणून तर आधी धरला.”