सूचक आणि अनुमोदक

कंपनीची बस अजून आली नव्हती आणि फाट्यावर उभ्या ज्योतीला थंडीपेक्षा धास्ती होती ती गावकऱ्यांची. गेल्या महिन्यापर्यंत ती सरपंच होती. मुदत संपली तसं गाव म्हणालं, पुन्हा उभ्या राहा, बिनविरोध निवडून देतो. आणि ही बया निघाली होती सुप्याच्या एमआयडीसीत, पाच वर्षांपूर्वी सोडलेल्या कारखान्यात, पुन्हा इंजिनियर म्हणून! यंत्रांत तिचा जीव रमायचा. टँकर बंद करून घरोघरी नळ आणला. आता खुर्ची उबवत कशाला बसायचं?

तेवढ्यात दुधाचा टेम्पो कचकन थांबला. उतरला कोण, तर कल्याण. विरोधी गटाचा सदस्य! ग्रामसभेत याच्याइतकं तिला कुणी छळलं नव्हतं. पाइप कसला, खोदाई किती खोल... पण विचारायचा तिलाच. बाकीचे तिच्या वडिलांकडे बघून बोलायचे. तीही काही कमी नव्हती. बोलायचं तर हात वर करा, आणि ठराव मांडणारा सूचक, पाठिंबा देणारा अनुमोदक, दोघांनी समोर उभं राहा, हा तिचा नियम. तरी ग्रामसभेच्या दिवशी ती साडी जरा निवडूनच नेसायची, हे खरं.

"गावानं पाठवलंय ना? मी उभी राहणार नाही."

"नका राहू," तो म्हणाला. "मशिनीचं बोलताना तुमचा चेहरा कसा खुलतो, बगितलंय मी. मीच सांगून आलोय समद्यांना, तिनं गावाचं केलं, आता तिला तिच्या कामावर जाऊ द्या."

इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग... आलात कशाला?"

त्यानं फडक्यात बांधलेला गरम हुरडा तिच्या हातात ठेवला. कणसं चोळून चोळून त्याचे तळहात लालबुंद झाले होते.

"आता सरपंच तर म्हनता येत न्हाई. मंग काय म्हनू?"

"ताई म्हणा की. अख्खं गाव म्हणतं."

"त्ये तेवढं न्हाई जमायचं..."

ज्योतीनं ओठ दाबून हसू लपवलं. सरपंच असताना स्थळं काय कमी आली होती? सह्या बायकोच्या आणि रुबाब नवऱ्याचा. ज्याला त्याला सरपंचपती व्हायचं होतं. पुन्हा उभी राहणार नाही म्हणाली आणि एकूण एक गायब झाले. आता हाच तेवढा समोर उभा होता.

"आदी इचारलं असतं तर," कल्याण चपलेकडे बघत म्हणाला, "लोक म्हनले असते, ह्याचा डोळा खुर्चीवर हाय. तुमालाबी तसंच वाटलं असतं. म्हनून थांबलो... म्हंजे, मला..."

वळणावर बस दिसली. आता बोलला नाही, तर हा माणूस जन्मात बोलायचा नाही!

"नियम विसरलात?" ती हळूच म्हणाली. "हात वर करून."

बस येऊन थांबली. खिडक्यांतून माणसं बघत होती. कल्याणनं एकदा बसकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि हात वर केला.

"लगीन करता का माज्याशी? नोकरी करतच."

ज्योतीचे डोळे भरून आले. ती बसची पायरी चढली. मग वळली, हुरडा छातीशी धरला आणि दुसरा हात सरळ वर केला.

"सूचक, कल्याण," ती म्हणाली. "अनुमोदक, मी."

बस हलली. फाट्यावर त्याचा हात अजून वरच होता.