झाडण

घाटमाथा या गावच्या केबल वाहिनीच्या खोलीत त्या आठवड्यात गावातले लोक पुसून टाकलेल्या गोष्टी पाहायला येऊ लागले होते. भजनस्पर्धेच्या कॅसेटखालून माळगिरीचा जुना बैलबाजार निघाला. ग्रामसभेच्या कॅसेटखालून कुणाच्या तरी लग्नातला जेवणाचा मांडव निघाला आणि त्या पंगतीत वाढणारा आपला थोरला भाऊ पाहून शेजारचे किराणावाले खुर्ची ओढून बसले. तो भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती.

हे करणाऱ्या यंत्राला गौतमी मुळीक कडावाचक म्हणत असे. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत ती काम करायची, तिथेच ते तयार झालं होतं. चुंबकीय फितीवर नवं चित्रण केलं, की आधीचं पुसलं जातं असं सगळे समजतात. पण नव्या रेघा जुन्या रेघांवर तंतोतंत बसत नाहीत. कडेला जुन्याचा केसाएवढा पट्टा उरतो. त्यात घाटमाथा वाहिनीच्या रेकॉर्डरचा पुसणारा भाग झिजलेला होता आणि तो कधी कुणी बदलला नव्हता. गौतमीच्या दृष्टीने तिच्या वडिलांची ही हयगय म्हणजे खजिना होता.

वडील, दिनकर मुळीक, शेजारच्या खोलीत बसून असत. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ही वाहिनी चालवली होती. गावातल्या निधनवार्ता, वाढदिवस, हरवलेल्या शेळ्या, दहावीचे निकाल, सगळं त्यांच्या हातून पडद्यावर गेलं. आता मुंबईची एक कंपनी वाहिनी आणि तिचा सगळा चित्रसाठा विकत घेणार होती. कंपनीची अट एकच होती. या साठ्यात दिनकररावांच्या मालकीविरुद्ध जाणारं काही नाही, असा अहवाल तंत्रज्ञाने सही करून द्यायचा. सही गौतमीची असणार होती.

"काही लागलं का गं?" दारातून विजयाताईंनी विचारलं.

विजयाताई शितोळे मदुराईहून आल्या होत्या. या भागातले शेकडो लोक सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेले. भट्टीत जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढणं, हा त्यांचा पिढीजात धंदा. विजयाताईंचे वडील तातोबा त्यातलेच. वाहिनी सुरू झाली तेव्हा तातोबांनी दिनकररावांना मोठी मदत केली होती, एवढं गावात सर्वांना माहीत होतं. मदत होती की भागीदारी, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कागद झालाच नव्हता. कॅमेरा असताना कागद कशाला, म्हणून तातोबांनी जे ठरलं ते कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं होतं. ती कॅसेट पुढे सापडली नाही.

"मला त्या मालकीचं काही नको," विजयाताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "बाचा आवाज मिळाला तर बघ. फोटो हाइत. आवाज न्हाई कुठं."

"अजून नाही लागलं," गौतमी आता म्हणाली.

हे खोटं होतं. कॅसेट सकाळीच लागली होती आणि तेव्हापासून गौतमीने तीनदा हात धुतले होते.

कॅसेटवर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गौतमीचं बारसं'. गौतमीने सुरुवातीचा वीतभर तुकडा तपासला. नेहमीच्या पद्धतीने वाचल्यावर पडद्यावर आईच्या फोटोतल्या हिरव्या बांगड्यांचा एक हात आला, पाळण्याची झालर नीट करणारा. त्याच बाईचा आवाज आला, "तिच्या तोंडावर ऊन येतंय, जरा सरका की." चेहरा दिसण्याआधी तुकडा संपला. गौतमी तीन वर्षांची असताना आई गेली होती. कळत्या वयात हा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मग तिने सवयीने तुकडा तापवून पुन्हा वाचला. फीत ठराविक उष्णतेला नेली, की वरचा ठसा आधी विरतो आणि कडेला उरलेला खालचा टिकतो. कडावाचकाचं सगळं कसब त्यातच होतं. खालून एका पुरुषाचा घोगरा आवाज आला, "मी तातोबा शितोळे..." तिथे तुकडा संपला. यंत्राच्या चाकावर तपकिरी भुकटी चिकटून राहिली.

त्या भुकटीने तिला अडचण काय ते सांगितलं. फितीवरचं चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारा डिंक इतक्या वर्षांनी निकामी झाला होता. वीतभर तुकडा हाताने हळू ओढला म्हणून दोनदा निभावला; उरलेली फीत चाकाच्या ताणाखाली यंत्रातून एकदाच जाणार, आणि जाता जाता कोरी होणार. थंड चालवली तर आई मिळेल. तापवून चालवली तर तातोबा. दोन्ही एका वेळी वाचायला गेलं, की ठसे एकमेकांत मिसळून नुसती खरखर उरते.

ती वडिलांच्या खोलीत गेली.

"आबा, बारशाच्या कॅसेटखाली तातोबाअण्णा आहेत. फीत जीर्ण झालीय, आई आणि ते यांतलं एकच वाचता येईल."

दिनकररावांनी टीव्हीचा आवाज कमी केला नाही. "असतील. तेव्हा कोरी कॅसेट सांगलीहून आणायला लागायची. जी हाताला येईल तिच्यावर भरायचो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहवालात जीर्ण आहे म्हणून लिही. खोटं नाही ना ते? आईला बघून घे पोरी. तुझा हक्क आहे."

खोटं नव्हतं हे खरंच. त्यामुळेच ते लिहून टाकणं सोपं होतं. प्रयोगशाळेत नोंदी करताना एखादा नको असलेला आकडा गाळणाऱ्या सहकाऱ्याशी ती महिनाभर बोलली नव्हती. आणि इथे सकाळपासून आपण काय करतोय? बाहेर एक बाई बापाच्या आवाजासाठी चहाचा तिसरा कप पीत बसली आहे, आणि आपण तिच्या बापावर आपलं बारसं पांघरून बसलोय.

ती बाहेर आली. विजयाताईंच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि सगळं सांगितलं. तापवणं, भुकटी, हिरव्या बांगड्या, काहीच ठेवलं नाही.

विजयाताईंनी कपातली साय बोटाने बाजूला केली. "मघा न्हाई म्हणालीस ते?"

"खोटं बोलले."

"ते कळलं हुतं. तोंड असं करून कोण न्हाई म्हणतं व्हय?" मग त्या म्हणाल्या, "आईचंच बघ तू. माझा बा सत्तरीपत्तुर जगला. मी ऐकलंय त्याला. रागवताना तर लईच ऐकलंय."

त्या नाही म्हणाल्या असत्या, हक्क सांगितला असता, तर गौतमीला सोपं गेलं असतं. ती उठली. यंत्रापाशी जाऊन तिने उष्णतेची कळ फिरवली आणि विजयाताईंना हाक मारली.

फीत सरकू लागली. पडद्यावर पहिल्यांदा पांढरट धुकं आलं, त्यात क्षणभर पाळण्याची दोरी हलल्यासारखी वाटली आणि विरली. गौतमीने डोळे मिटले नाहीत. मग धुक्यातून एक फेट्यातला माणूस आला. याच खोलीच्या भिंतीला टेकून बसलेला.

"...मदुराईचा गलाईवाला. आमी परमुलखातल्या लोकांनी आपापल्या भट्टीतलं थोडं थोडं सोनं काढून ही वाहिनी हुबी केली. दिनकर चालवंल, पोट भरंल. पर मालक गाव. इकायची पाळी आली तर गावाला इचारायचं. एवढंच."

दारात दिनकरराव येऊन उभे राहिले होते. विजयाताईंनी पदर तोंडाला लावला होता.

तातोबा उठू लागले, आणि कॅमेऱ्यामागून एका बाईचा आवाज आला. "अण्णा, थांबा. नाव सांगताना तुमचा फेटाच दिसत होता नुसता. पुन्हा करू या का?"

गौतमीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. सकाळी ऐकलेला आवाज. ऊन येतंय म्हणणारा.

"ऱ्हाऊ दे वहिनी, फेटा वळखत्यात लोक," तातोबा हसले. "पर ही कॅसेट तुमच्यापाशी ठेवा. दिनकरचं खरं न्हाई, कशावरबी कायबी भरतो."

"माझ्या ट्रंकेत ठेवते. कुलपात."

फीत संपली. चाक रिकामं फिरत राहिलं. गौतमीने ते बंद केलं.

"आबा," ती वळून न पाहता म्हणाली, "आईच्या ट्रंकेची किल्ली कुठे असायची?"

दिनकररावांनी चौकटीला हात टेकला. "तिच्याच कमरेला. मी मागितली नव्हती गं. बारशाच्या सकाळी कॅसेट मिळेना, तर तीच घेऊन आली. म्हणाली, हिच्यावर भरा. मी बघितलं कुठली कॅसेट ती. तीही बघत होती माझ्याकडे."

खाली रस्त्यावरून निधनवार्तेची रिक्षा भोंगा वाजवत गेली.

गौतमीने अहवाल उघडला. मालकीच्या रकान्यात कंपनीने आधीच वडिलांचं नाव भरून पाठवलं होतं. ते खोडून तिने लिहिलं, 'माळगिरी गाव', आणि पुराव्यात तातोबांचं ध्वनिचित्रण जोडलं. साक्षीदाराच्या रकान्यात आईचं नाव लिहिताना तिचा हात अडला. शब्दाची राखण करणारी म्हणून लिहायचं, की तो मोडणारी म्हणून? शेवटी तिने नुसतं नाव लिहिलं, शालन दिनकर मुळीक.

ती यंत्र पुसायला फडकं घेऊन वळली, तर विजयाताईंनी तिचं मनगट धरलं.

"फडकं नको. आमच्यात भट्टीभवतीची झाडण टाकत न्हाईत. त्यात सोनं असतं."

"यात काही नाही ताई. ठसे गेले सगळे. नुसतं गंजाचं चूर्ण आहे हे."

"असू दे."

त्यांनी चाकाखालची तपकिरी भुकटी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर अलगद झाडली, तिचे बोटाने दोन भाग केले आणि सराफाच्या दुकानात बांधतात तशा दोन पुड्या बांधल्या. एक स्वतःच्या कनवटीला लावली. दुसरी गौतमीच्या तळहातावर ठेवली.

चुंबकीय चूर्णाच्या कुठल्याच कणात आता वरचाही ठसा उरला नव्हता आणि खालचाही, हे गौतमीला नीट माहीत होतं. तरी संध्याकाळपर्यंत ती पुडी मुठीत धरून बसली होती, आणि एकच प्रश्न तिला सोडत नव्हता. आईने ज्या पोरीसाठी दुसऱ्याचा शब्द पुसू दिला, त्या पोरीने आज आईलाच पुसलं. हे आईला कळलं असतं, तर ती हसली असती, की पुन्हा तीच कॅसेट काढायला ट्रंकेपाशी गेली असती?