रिक्षातली डावी जागा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्याच रिक्षात घडलं.

आमची वाडी रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर. दोन वर्षांपूर्वी, भातकापणीतली तिन्हीसांज. माझ्या भावाच्या बायकोला, अक्षया वहिनीला, मळ्यात फुरसं चावलं. साप वीतभर, पण विष जहाल.

मी रिक्षा दारात आणली. वहिनी मागे डाव्या बाजूला बसलीसुद्धा.

तेवढ्यात आप्पा, आमचे चुलते, आडवे आले. आधी देवळात गाऱ्हाणं, मग डॉक्टर, असं म्हणून त्यांनी चावी काढून कनवटीला लावली. वाडीत आप्पांपुढे बोलणार कोण? भाऊ बोटीवर होता. आणि गाऱ्हाणं घालणारा गुरव पलीकडच्या गावात.

तो उजाडताना आला. नारळ ठेवला, सगळ्या देवांची नावं घेतली, तेव्हा कुठे चावी मिळाली.

तोवर वहिनीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. वाटभर ती एकच विचारत होती.

"भावजी, पोचलो काय?"

दवाखान्याच्या फाटकात तिचा आवाज थांबला. आत विषावरची इंजेक्शनं होती. रात्रभर होती.

महिन्याभराने सुरू झालं. रिकामी रिक्षा घेऊन येताना मागून...

"पोचलो काय?"

आरशात कुणी नाही. डाव्या जागेचं कव्हर मात्र ओलं. मी ते बदललं. नवंही ओलंच...

गेल्या महिन्यात आप्पांना दगडी गडग्यापाशी फुरसं चावलं. स्वतः लंगडत येऊन रिक्षात बसले. मी विचारलं, गाऱ्हाण्याचं काय?

"ते मागाहून बघू. तू गाडी काढ."

क्षणभर वाटलं, चावी आता मी कनवटीला लावावी. तरी काढली.

अर्ध्या वाटेत आप्पा उजवीकडे सरकू लागले. अजून सरकले... पार कडेच्या दांड्याला चिकटले.

"हर्षद, हिला जरा पलीकडे हो म्हणून सांग."

मी मागे पाहिलं नाही.

इंजेक्शन वेळेत मिळालं. आप्पा वाचले. पण सदऱ्याची डावी बाही रक्ताने भिजली होती. नर्सने खूप शोधलं, तिथे जखमच नव्हती.

देवाने राखलं, असं आप्पा आता वाडीभर सांगतात. माझ्या रिक्षात मात्र बसत नाहीत.

मी रोज त्याच रस्त्याने जातो. दवाखान्याचं फाटक आलं की मागून तोच प्रश्न येतो. काल पहिल्यांदाच मी हो म्हणालो.

फाटक मागे पडलं.

मग अगदी कानाशी...

"मग मला उतरवा ना."

आज मी रिक्षा बाहेर काढलेली नाही.