अकरा नंबरची बदली

"मी नाही पाठवलं ते पत्र! आईशपथ, मी नाही!"

ओडेसा प्रुइट व्हर्नेलबाईंच्या ऑफिसच्या दारातच उभी होती. पाइनगॅप कॉलेजच्या बास्केटबॉल संघातली अकरा नंबरची खेळाडू, सहा फूट उंच; पण या क्षणी तिने दाराची चौकट धरली होती. बाईंचा मदतनीस असलेल्या रूफसने घाईघाईने खुर्ची पुढे केली.

"बस पोरी," व्हर्नेलबाई म्हणाल्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या खासगी गुप्तहेर झाल्या होत्या. "आता पहिल्यापासून सांग."

सोमवारी सकाळी सहा चाळीसला ओडेसाच्या फोनवरून कॉलेजच्या ऑफिसला ईमेलने पत्र गेलं होतं. मला दुसऱ्या कॉलेजात खेळायचंय, बदलीच्या यादीत माझं नाव घाला. नऊ वाजता नाव चढलंसुद्धा.

"मग त्यात काय, काढून टाका म्हणावं," रूफस म्हणाला.

"तसं नसतं ना! माझा करार दोन वर्षांचा. कॉलेजला तो मोडता येत नाही. पण मीच निघाले म्हटल्यावर ते मोकळे. शिष्यवृत्ती गेली, खेळायचे पैसे गेले. आईचं घर त्या पैशांवर चालतं." तिने डोळे पुसले. "कोच हॉइटनी मला मिठी मारली, रडल्या. पण म्हणाल्या, नियमापुढे त्यांचंही काही चालत नाही."

"सहा चाळीसला फोन कुठे होता?"

"भिंतीवरच्या कप्प्यात. सरावाच्या आधी सगळ्यांनी फोन तिथे ठेवायचे, हा कोचचा नियम. आणि माझा फोन उघडायचा आकडा..." ती ओशाळली. "अकरा, अकरा, अकरा. सगळ्यांना माहितीये."

"म्हणजे कोणीही असू शकतं!" रूफसने कपाळाला हात लावला.

"कोणीही कसं? त्या वेळी जे मैदानावर नव्हते, त्यांच्यापैकीच कोणीतरी," बाई शांतपणे म्हणाल्या.

ओडेसाचा एजंट केंडल हॉटेलात नाश्ता करत होता. "ती मोठ्या कॉलेजात गेली तर माझी चांदी, हे खरं. पण सोमवारी सहाला मी विमानात बसलो होतो, बाई. हे तिकीट."

संघातल्या टॅव्हियाची जागा ओडेसाने घेतली होती. विचारताच टॅव्हियाचा पारा चढला. "मी? मी तिच्या शेजारीच धावत होते! कोचनं साडेसहाला शिट्टी मारली, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पळा. थांबायची शिट्टी काही येईना! पंधरा मिनिटं झाली असतील. एकीला तर उलटी झाली."

संघाचे कपडे सांभाळणारा म्हातारा अल्फोन्स कपड्यांच्या खोलीत शिवत बसला होता. मांडीवर हिरवा शर्ट, त्यावर दोन पांढऱ्या उभ्या काठ्या.

"सोमवारी मी इथेच होतो. एकटा. घ्या संशय."

रूफसचे डोळे चमकले. बाई शर्ट न्याहाळत होत्या.

"बारीक काम आहे."

"दहा अक्षरांचं नाव, बाई! गेल्या शुक्रवारी अक्षरं मागवली, काल आली. डोळे गेले माझे."

त्या संध्याकाळी कोच हॉइटच्या खोलीत सगळे जमले.

"अल्फोन्स!" रूफस गरजला. "एकटा होतास, फोन हाताशी..."

"बस खाली, रूफस. गणित उलटं सोडवलंस." बाईंनी हिरवा शर्ट टेबलावर पसरला. "या दोन काठ्या म्हणजे इंग्रजी एकचे दोन आकडे. अकरा नंबर. खाली नाव दुसऱ्याच मुलीचं. ओडेसाचं पत्र गेलं सोमवारी. या नावाची अक्षरं मागवली त्याआधीच्या शुक्रवारी. ओडेसा जाणार, हे तीन दिवस आधी कोणाला ठाऊक होतं? अल्फोन्स, कोणता नंबर कोणाला, हे कोण ठरवतं?"

अल्फोन्सची नजर शर्टावरच्या नावावर गेली. "कोच," तो पुटपुटला.

"आणि सोमवारी थांबायची शिट्टी आली नाही, कारण शिट्टी मारणारी व्यक्ती मैदानावर नव्हती."



"नाही," ओडेसा म्हणाली. "बाई, तुमचं चुकतंय. आईच्या ऑपरेशनला कोच माझ्याजवळ बसल्या होत्या. कोच, सांगा ना यांना!"

कोच हॉइटनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"कॉलेजचा देणगीदार म्हणाला, ती साडेसहा फुटी मुलगी आण, जिचं नाव या शर्टावर आहे, नाहीतर मी माझे पैसे दुसऱ्या कॉलेजला देतो. माझ्याकडे जागा एकच होती गं. मी तुला चांगलं कॉलेज बघून देणार होते."

ओडेसाने तोंडावर हात धरला. रडू मात्र आलं नाही.

पत्र खोटं ठरलं. दुसऱ्या दिवशी नाव यादीतून उतरलं, करार शाबूत राहिला. अल्फोन्स लहानशा कात्रीने शर्टावरची दहा अक्षरं उसवत बसला.

सकाळी सरावाला सहायक कोच उभी होती. ओडेसा नेहमीसारखी भिंतीपाशी आली. हात अकराव्या कप्प्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने फोन परत खिशात घातला आणि मैदानात उतरली.

शेजारच्या कप्प्यात फोन ठेवून वळलेल्या टॅव्हियाने ते पाहिलं.  मग तिनेही कप्प्यात ठेवलेला आपला फोन काढून घेतला.