पुडीवरचं गणित

दहावीला वीज शिकवणाऱ्या एका बाईनं बुधवार पेठेतल्या भर दुकानात एका माणसाचा पाणउतारा केला, आणि चूक बाईंचीच निघाली. ती बाई मी, उत्कर्षा. अजूनही आठवलं की कान तापतात.

इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या दुकानात मी शिरले तीही चुकूनच. नेहमीचं दुकान बंद होतं आणि वरून भुरभुर सुरू झाली होती. वारज्याच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मुलांचा छोटा पंखा सहा व्होल्टचा, अडॅप्टर मात्र बारा व्होल्टचा. मधले सहा व्होल्ट खाऊन टाकायला एक रेझिस्टर हवा होता.

काउंटरवर कानामागे पेन्सिल खोचलेला एक तरुण होता. त्यानं वर पाहिलं आणि मी... ओढणी उगाचच सारखी केली.

"बारा ओहम द्या. करंट अर्धा अँपिअर. सहा भागिले अर्धा, बारा."

"गणित बरोबर आहे. पण वॅट?" त्यानं बोटाच्या पेराएवढा पांढरा रेझिस्टर पुढे केला. "हा पाच वॅटचा घ्या."

"मला तो छोटा हवाय. पाव वॅटचा."

"मॅडम, तो—"

"अहो, मी बीएस्सी फिजिक्स आहे. शिकवते हे मुलांना. उगाच मोठा माल गळ्यात मारू नका."

तो हसला, अगदी जरासा. कागदी पुडीवर पेन्सिलीनं काहीतरी खरडलं आणि पुडी माझ्या हातात ठेवली. बोटाला बोट लागलं... "पुन्हा या," तो म्हणाला.

"कशाला?"

"यावं लागेल."

पुडी न बघताच पर्समध्ये कोंबली आणि बसमध्ये वारज्यापर्यंत मी त्या दोन शब्दांवर एकटीच हसत होते. मूर्ख कुठली.

प्रदर्शनात मुख्याध्यापिका शैलाताईंसमोर मी बटण दाबलं. पंखा फिरला, मग धूर आला, मग जळका वास. तनुजा नावाची माझी हुशार विद्यार्थिनी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, ही उदबत्ती आहे का?" सगळा वर्ग हसला.

शाळेतून थेट दुकान गाठलं. काळा पडलेला रेझिस्टर काउंटरवर आपटला. "बोगस माल विकता तुम्ही. मुलांसमोर माझं नाक कापलं."

पाच गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो एवढंच म्हणाला, "पुडी आहे का तुमच्याकडे?"

"कचरा मी जपून ठेवत नाही."

दुकानाचे मालक दत्तप्रसादकाका चष्म्यावरून बघत होते. "सुदर्शन, आजपासून काउंटर नको. वर माळ्यावर माल लाव." त्यानं कानामागची पेन्सिल काढली, काउंटरवर ठेवली आणि शिडी चढला. तेव्हा कुठे मला त्याचं नाव कळलं.

रविवारी पर्स झटकताना ती पुडी पलंगावर पडली. त्यावर बारीक अक्षर होतं:

"६ × ०.५ = ३ वॅट. पाव वॅटचा जळेल. जळला तर या, बदलून देतो."

व्होल्टला करंटनं भागलं की रोध, गुणलं की शक्ती. वर्षातून चार वेळा मी हे फळ्यावर लिहिते. मी तिथेच बसून राहिले. आईनं जेवायला हाक मारली तरी उठवेना. माझ्या तोऱ्यापायी एका सरळ माणसाची जागा गेली होती, आणि तो एक शब्दही उलट बोलला नव्हता.

सोमवारी दुकानात पुन्हा गर्दी होती. बरंच झालं.

"काका, त्या दिवशी मी इथे मोठ्यानं बोलले. आज तेवढ्याच मोठ्यानं बोलते. सहा गुणिले अर्धा, तीन वॅट. पाव वॅटचा हट्ट माझा होता. यांनी लिहून दिलं होतं, मी वाचलं नाही. चूक माझी."

काकांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. "बीएस्सी ना तुम्ही?"

"हो."

"असू दे. होतं असं." मग वर तोंड करून, "सुदर्शन, खाली ये. तुझी पेन्सिल इथं पडून आहे."

तो उतरला. केसांत माळ्यावरची धूळ होती. "मुलांना काय सांगितलंत?"

"आज फळ्यावर गणित मांडलं. खाली लिहिलं, मॅडम चुकल्या."

"एवढंच?"

मान वर होईना. "नाही... तुम्ही वॅट विचारलंत ना, तेव्हाच मला शंका आली होती. दुसरं कुणी असतं तर मुकाट्यानं मोठा घेतला असता. पण तुमच्यासमोर... पहिल्याच भेटीत कमी ठरायचं नव्हतं मला."

त्यानं नवी पुडी घेतली. पांढरा रेझिस्टर पुडीत टाकला आणि वर बराच वेळ लिहीत राहिला. या वेळी मी पुडी पर्समध्ये कोंबली नाही. तिथेच उभी राहून वाचली.

"१२ ओहम, ५ वॅट. जळणार नाही. गुरुवारी दुकान बंद असतं. मंडईपाशी, पाच वाजता?"

"एवढीशी पुडी किती वेळ वाचताय?" काका म्हणाले.

मी सुदर्शनपुढे हात केला, पेन्सिलीसाठी. खाली लिहिलं, "सहा. माझा तास पाचला संपतो." पुडी त्याच्या हातात दिली आणि मागे न बघता सटकले.

घरी पोचल्यावर लक्षात आलं, रेझिस्टर पुडीतच राहिला होता. पुन्हा लाज वाटली, पण मागायला गेले नाही. गुरुवारी तो घेऊनच येणार होता.