जानरावांच्या कॅमेऱ्याची काच

"मेलेल्या माणसाले तुमचे मालक 'हलू नका' काऊन म्हणत होते?"

समताने विचारलं. थेट तोंडावर. जनकाबाईंच्या ओसरीत उभं राहून.

गेटापाशी सुवर्णा आणि बाकीच्या मैत्रिणी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. "लई डेरिंगवाली हाये ना तू? मंग विचारून दाखव!"

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. समता माझी सख्खी मावसबहीण. मोताळ्याला राहते, दहावीत आहे. खोटं बोलली की तिला लगेच हसू फुटतं. हे सांगताना ती एकदाही हसली नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्र वगैरे काही नाही... लख्ख दुपार.

जनकाबाईंचे मालक जानराव फोटोग्राफर होते. दहा वर्षं झाली त्यांना जाऊन. खेड्यापाड्यातून लोक त्यांना मयताचा फोटो काढायला बोलवायचे. त्यांच्या तरुणपणी कित्येकांचा जन्मात एक फोटो नसायचा. मग मयताला नवे कपडे घालून खुर्चीत बसवायचं, घरचे मागे उभे राहायचे, आणि जानराव कॅमेरा डोळ्याला लावून म्हणायचे, "हलू नका."

अख्खं गाव यावर हसायचं.

जनकाबाई हसल्या नाहीत. तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "काऊन म्हंजे? नाई म्हटलं तं हालत होते."

गेटापाशीच्या मैत्रिणी दोन पावलं मागे सरकल्या...

समता घाबरली? छे! तिला कॅमेरा हवा होता. उन्हात मोबाईलचा स्क्रीन दिसत नाही ना? फोटोत कोण आलं, कोणाचं मुंडकं कापलं, काही कळत नाही. म्हणून तिने भंगारातल्या रीलच्या कॅमेऱ्याची बघायची काच काढून, मोबाईलच्या कव्हरवर चिकटवून व्ह्यूफाइंडर बनवला होता. विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात पहिला नंबर! आता बुलढाण्याला जिल्ह्याचं प्रदर्शन. पोरगी हवेतच होती. फक्त त्या काचेवर ओरखडे होते, म्हणून तिला चांगली काच पाहिजे होती. तिने जानरावांचा कॅमेरा मागितला.

"घेऊन जाय," जनकाबाई म्हणाल्या. "घरात नको मले ते."

घरी येऊन समताने स्क्रू काढले. पुढे अंतर्गोल भिंग, डोळ्यापाशी बहिर्गोल. दोन्ही स्वच्छ पुसले. काळ्या कागदाची नळी केली, फेविक्विकने कव्हरवर बसवली. झालं. ना सेल, ना वायर. नुसती काच.

मोबाईल उचलून तिने डोळा लावला.

समोर अंगणात तिची आई, मंजुश्रीमावशी, तांदूळ निवडत बसलेली. बारीक, पण किती साफ दिसत होती!

आणि पाण्याच्या ड्रमपाशी... एक खुर्ची.

खुर्चीत माणूस.

पांढरे कोरे कपडे. नाकात कापूस. हनुवटीपासून डोक्यावरून बांधलेली पट्टी.

समताने मोबाईल खाली केला.

ड्रम होता. खुर्ची नव्हती.

फोटो काढून पाहिला. आई, तांदूळ, ड्रम. बस.

परत डोळा लावला... खुर्ची ड्रमपासून पुढे आली होती. आईच्या बाजूला.

"आई, तिथं कोण बसलं वं?"

"तुहा आजा!" मावशी म्हणाली. "काम नाई धंदा नाई. इकडं ये, तांदूय निवड."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत काचेतून सुवर्णाकडे बघितलं. काही नाही. मैदान, पिंपळ, शिपाईकाका... कुठेच काही नाही. काचेत जुनं काही साठून राहतं का, असं विज्ञानाच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "अगं, काच दाखवते. साठवत नाही."

किती बरं वाटलं तिला! उड्या मारत घरी आली.

आई ओट्यावर भाकरी थापत होती. समताने दारातूनच डोळा लावला.

खुर्ची स्वयंपाकघरात होती.

त्यातल्या माणसाची मान आईकडे वळलेली.

तिने काच उघडून पुसली. परत चिकटवली. घाईत फेविक्विक बोटांना लागलं. इतक्यात फरशीवर आवाज झाला...

कर्रर्र.

खुर्ची ओढल्यासारखा.

"हलू नका!" समता ओरडली. तोंडातून निघूनच गेलं.

आवाज थांबला.

"कोणाले म्हणतं वं?" आई वळली. मग मान चोळत बोलली, "खिडकी लाव बरं. कोणी मानेवर फुंकर मारून राह्यलं असं वाटून राह्यलं मले."

खिडकी बंदच होती.

समताने काच डोळ्याला लावली. आता तो आईच्या अगदी मागे. एवढं जवळून तिने पहिल्यांदाच पाहिलं... पट्टी सैल झाली होती.

ती बघत राहिली. तोवर काहीच हललं नाही. डोळ्यात पाणी आलं, एकदा पापणी लवली...

खुर्ची रिकामी.

तो उभा होता. आईच्या पाठीशी. एक हात तिच्या गळ्यापाशी उचललेला. डोळे सताड उघडे, आणि ते आईकडे नव्हते... सरळ काचेतून समताकडे.

एवढा राग तिने कोणाच्या डोळ्यात कधी पाहिला नव्हता.

"हलू नका..." ती पुटपुटली.

पापणी पुन्हा लवली. पट्टी गळून पडली होती. जबडा खाली लोंबलेला. आणि तो हसत होता.

शब्द आता चालणार नव्हता. त्याला थोपवणार ती फक्त नजर.

तेवढ्यात धम्मरत्नकाका, तिचे पप्पा, कामावरून आले. "समता, बॅग भरली का? सकायच्या गाडीनं निंघाचं हाये. अन् हे काय, काच लावून बसली? ठेव ते खाली."

तिने ठेवलं नाही. एक डोळा उघडा ताणून ती तशीच दारात बसली. गालावरून पाणी ओघळत होतं. काचेतला तो हात आईच्या गळ्यापासून बोटभर लांब थांबला होता.

"काय झालं वं?" आई जवळ यायला निघाली.

"तिथंच थांब, आई. मले दिसू दे."

"अवं पण..."

"पप्पा," समता म्हणाली. आवाज अजिबात कापत नव्हता. "मी बुलढाण्याले येत नाई. सरायले सांगून द्या, दुसऱ्या कोणाले पाठवा. शाळेतबी येत नाई मी. आजपासून आई जिथं बसंल, तिथं मी तिच्यासमोर बसणार हाये."