लाँग सेलेबाचं निळं पिंप

विषाचं एक पिंप डोंगरातल्या लाँग सेलेबा गावाहून नदीकाठाने खाली आणायचं, एवढंच काम होतं. नव्या सरकारी आदेशाने ते विष परवान्याशिवाय बाळगायला बंदी घातली होती; पण कुणी व्यापारी ते आमच्या नदीच्या उगमाजवळ विकून पसार झाला होता. रविवारच्या मेजवानीसाठी गाव ते पाण्यात ओतणार होतं. मासे म्हणे आपोआप वर तरंगतात! खालची अकरा गावं तेच पाणी पितात.

औषध खात्याच्या सुहैलाबाई जप्तीचा हुकूम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या होडीत बसल्या.

"जालोंग, होडी उलटते का रे कधी?"

"रोज नाही उलटत, बाई."

त्या दिवशी उलटली! दुसऱ्याच धबधब्यापाशी. खडकांना लटकत, खोकत आम्ही काठाला लागलो. बाईंनी हुकूम दातांत धरला होता.

ओलेचिंब होऊन लांबघराच्या, म्हणजे सगळं गाव राहतं त्या एकाच लांबलचक घराच्या, शिडीपाशी पोचलो, तर मुखिया लावायकाका वाट अडवून उभे.

"आम्ही शिकारीच्या बाणांना झाडाचा चीक लावतो. तेही विषच. उद्या झाडाला बेड्या घालाल!"

बाईंनी डोक्यावरचा रुमाल पिळला. "त्या चिकाला तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखता, काका. या पिंपाला इथे कोण ओळखतं? हाताला लागलं तर काय करायचं, सांगा."

काका शिडीवरून एक पायरी खाली उतरले.

"कायद्याने मी ते जप्त करू शकते. पण उचलायला मला चार माणसं लागतील!"

लांबघर खो खो हसलं. काकाही.

होडीतून न्यायचं नाही, हे ठरलंच. फुटलं तर नदीच गेली! पिंप बांबूला वेताने बांधून, डोंगराच्या सोंडेवरून, धबधब्यांना वळसा घालत आम्ही निघालो. गुडघाभर चिखल, मानेवर जळवा, आणि खांद्यावर ते निळं ओझं डचमळत होतं. काका पुढे कोयत्याने वाट काढत होते. शेवटच्या उतारावर खाली नदी चमकू लागली, पिंप न्यायला थांबलेली सरकारी लाँचही दिसली.

तेवढ्यात वेत तुटला!

पिंप सुटलं. घरंगळलं. मी झेप घेतली. हात निसटला! "काका, बाजूला व्हा!" बाई किंचाळल्या. काका हलले नाहीत. आडवेच पडले! पिंप त्यांच्या खांद्यावर आदळलं, वळलं आणि एका झाडाच्या मुळांत रुतलं. पाण्यापासून तीन हात!

बाईंनी झाकणावरून नजर फिरवली. "शाबूत आहे!"

"माझा खांदा नाही," काका कण्हत म्हणाले, "पण तो सरकारला नकोय ना?"

पिंप लाँचवर चढलं. बाईंनी पावती लिहिली, मग काकांचा हात रुमालाने गळ्यात बांधला. तोवर गावच्या बायका जाळी घेऊन रिकाम्या होड्यांनी खाली आल्या होत्या. मासे थोडे होते, बोटाएवढे. पण काठावर बांबूच्या नळ्यांत शिजायला लागले, तेव्हा सगळेच भोवती सरकले.

काकांनी पहिला मासा डोक्यासकट, बायकांबरोबर आलेल्या आपल्या नातीच्या हातात ठेवला.

"काटे सांभाळ गं," ते म्हणाले. "बाकी सगळं खा."